तूर घरात आली की समुद्राचं बघा

मानोरा-कारंजा पट्ट्यातून कोकणचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतो. रविवारी सकाळी मनात आलं आणि निघालो, असं आपलं होत नाही. चार-पाच दिवस घराला कुलूप लावायचं, ढोरं कोणाच्या तरी हवाली करायची आणि कापसाच्या एका वेच्याइतका तरी पैसा मोकळा करायचा. एवढं करून जायचंच आहे तर गाव नीट निवडून जा, हे सांगायला लिहितो आहे. लिहितोय इंझोरीच्या मंडळींसाठी, पण पोहरादेवीपासून कारंज्यापर्यंत ज्याच्या घरी पोरांनी समुद्राचा हट्ट धरलाय त्यानं वाचावं.

आपल्यातल्या पुष्कळांनी समुद्र पाहिलाय तो दादरच्या चौपाटीवर, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेल्यावर. कोणी मंत्रालयाच्या कामाला गेले होते आणि संध्याकाळी गिरगावला भेळ खाऊन आले. ते दर्शन वेगळं. घरच्या बायका-पोरांना, आजी-आजोबांना घेऊन तीन रात्री समुद्राकाठी राहायचं हे काम वेगळं आहे, आणि ते मुंबईत करू नका. जुहूला भेळ खा, घोड्यावर बसा, पण त्या पाण्यात पोरांना उतरवावं असं काही ते पाणी नाही, आणि खोलीच्या भाड्यात कोकणातल्या दोन रात्री निघतील.

आता पोरं नाराज होतील अशी गोष्ट आधीच सांगून टाकतो. सिनेमात किंवा मोबाइलवर दिसतात तसे समुद्रालगत मोठाले पाळणे, झुकझुकगाड्या, रोषणाईची रांग असलेलं गाव कोकणच्या किनाऱ्यावर नाही. आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स हे सगळं आपल्या जत्रांतच जास्त चांगलं असतं. किनाऱ्यावर मिळतं ते वेगळं: बनाना बोट, जेट स्की, बंपर राइड, पॅराशूटला बांधून वर नेणारं पॅरासेलिंग, वाळूवरची चारचाकी बाइक, घोडागाडी, उंट, आणि संध्याकाळी भेळ, कणीस, गोळा. एवढ्यानं पोरं तीन दिवस खूश राहतात. ज्याला खरेखुरे मोठे पाळणेच हवेत त्यानं खोपोलीजवळचं इमॅजिका धरावं. २०१३ मध्ये सुरू झालेलं हे उद्यान अलिबागच्या वाटेपासून फार लांब नाही. पण तिकीट भारी आहे, आत घरचा डबा नेऊ देत नाहीत, आणि बऱ्याच पाळण्यांना उंचीची अट असते, त्यामुळे लहान पोरगं बाहेर उभं राहून रडतं. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला समुद्र एके समुद्र करा. दोन्ही एका सहलीत कोंबलं की दोन्ही अर्धवट होतात.

गाव निवडताना सगळ्यांत आधी घरातला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत थकलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. तरण्या पोरांचं काय, ते कुठंही रमतात. पण आजीचे गुडघे दुखत असतील, वहिनीच्या कडेवर दोन वर्षांचं असेल, तर प्रश्न एकच उरतो: खोलीतून वाळूपर्यंत चालत जाता येतं का? दहा मिनिटांच्या आत जाता येत असेल तर आजी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाणी पाहून येईल, मधल्या वेळात पंख्याखाली पडेल, पोराला झोप आली की परत आणता येईल. खोली चार किलोमीटरवर असेल तर प्रत्येक खेपेला रिक्षा, प्रत्येक खेपेला सगळ्यांची वाट पाहणं, आणि शेवटी आजी म्हणते, तुम्ही जा बापू, मी इथंच बसतो. सहाशे किलोमीटर आणून म्हातारीला खोलीत बसवून ठेवण्यात काय अर्थ आहे!

आणि गाव एकच. मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण असं पाच दिवसांत सगळं करून आणणारी गाडीवाली मंडळी असतात. नकाशावर ही गावं एका ओळीत दिसतात, पण कोकणातला पन्नास किलोमीटरचा रस्ता म्हणजे वळणं, घाट, खाड्या. दीड-दोन तास सहज जातात. पोरं गाडीत ओकतात आणि समुद्र खिडकीतूनच पाहून होतो.

या हिशोबानं पहिल्या सहलीला मी अलिबाग सांगेन. अलिबाग शहर नव्हे, त्याच्या बाजूचं वरसोली, आक्षी किंवा नागाव. त्यातही पाण्यातल्या खेळांची हौस असेल तर नागाव. तिथं नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरगुती राहण्याची सोय आहे, वाडीतून चालत किनारा गाठता येतो, आणि वर सांगितलेले बहुतेक खेळ तिथं आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी उसळते हा त्याचा मोठा दोष. आपण शेतकरी माणसं, आपल्याला सोमवार आणि शनिवार सारखेच. सोमवारी पोचा आणि गुरुवारी निघा. खोली स्वस्त मिळते, किनारा मोकळा मिळतो, आणि खेळवाला स्वतःहून भाव उतरवतो.

अलिबाग निवडायचं दुसरं कारण म्हणजे तिथं पोचण्याची वाटच पोरांसाठी अर्धी सहल आहे. अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरायचं. तिथून टॅक्सीनं थोड्या वेळात गेट वे ऑफ इंडिया. गेट वेवरून मांडव्याला लाँच सुटतात, साधारण तासाभराचा प्रवास. मांडव्याला उतरलं की लाँचवाल्यांचीच बस अलिबागला सोडते, तिचे पैसे लाँचच्या तिकिटातच धरलेले असतात. दुपारच्या जेवणाला तुम्ही नागावात. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं, तेव्हा तारीख ठरली की त्याच दिवशी तिकिटं काढून टाका. लाँचमध्ये लाइफ जॅकेट देतील ते घालायचं, गरम होतं म्हणून मांडीवर ठेवायचं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ माणसं गेली.

लाटांची भीती वाटणाऱ्या आजोबांसाठी कोरडी वाटही आहे. गाडीतून कल्याणला उतरा, तिथून पनवेल, आणि पनवेलहून अलिबागची एसटी. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, आणि ७५ च्या वरच्यांना काहीच नाही. सहा माणसांच्या घरात तीन बायका आणि दोन म्हातारे असतील तर हिशोब करून बघा, खासगी गाडी करायची गरज आहे का ते लगेच कळेल. म्हाताऱ्यांचं आधार कार्ड मात्र पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात असू द्या.

गाडीनंच जायचं तर समृद्धी महामार्ग आपल्या कारंज्याजवळून जातो. ५ जून २०२५ पासून तो नागपूर ते भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सलग सुरू झाला. रस्ता सरळ, गाडी पळते, आणि तीच भीती आहे. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ रात्री खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, हे आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच झालं. रात्री जेवून निघू, सकाळी समुद्रावर, हा बेत करू नका. पहाटे निघा, टायर आधी दाखवून घ्या, दर दोन तासांनी उतरा. वाटेत शिर्डीला किंवा नाशिककडे मुक्काम केला तर घरच्या बायकांचं देवदर्शनही होतं आणि ड्रायव्हरची झोपही. मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, तिच्यात गाडीच चढवता येते. पोरांना गाडी बोटीत शिरताना पाहायला फार मजा येते, पण तिचं तिकीट आधी काढून ठेवा.

आता कधी जायचं. इथं आपल्या भागाची एक खास अडचण आहे. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी महाराष्ट्रात त्या आधीच सुरू झालेल्या असतात. त्यामुळे आपल्याला वाटतं की जूनचा मधला आठवडा मोकळा आहे, गर्दी ओसरलेली असेल, जाऊन येऊ. त्याच दिवसांत कोकणात पाऊस उतरतो. मे महिन्याच्या शेवटी पाण्यातले खेळ बंद होतात, गेट वेच्या लाँच थांबतात, आणि हे सगळं सप्टेंबर लागल्याशिवाय सुरू होत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे जूनमध्ये गेलात तर खेळ नाही, लाँच नाही, ताजा मासा नाही, आणि खवळलेल्या समुद्रात पाय घालायचीही सोय नाही. नुसता पाऊस पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मे महिन्यातही विचार करून जा. आपल्याकडे पारा ४४ वर असतो आणि तिकडे ३३-३४, म्हणून माणूस थंड हवेच्या आशेनं जातो. तिकडचा उकाडा दमट आहे. अंग पुसलं तरी कोरडं होत नाही. आपला कूलर तिथं काही कामाचा नाही, कारण हवेतच पाणी इतकं की कूलरचं पाणी उडतच नाही. खोलीवाला "कूलर आहे" म्हणाला तर खूश होऊ नका. मे महिन्यात एसी मागा किंवा मग जाऊच नका.

दिवाळीच्या आठवड्यात आणि नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि तरीही मिळत नाहीत. आपल्यासाठी खरा हंगाम जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. तूर निघालेली असते, कापूस बहुतेक वेचून झालेला असतो, हरभऱ्याला अजून वेळ असतो. शाळेचे तीन-चार दिवस बुडतील; दहावी-बारावीचं पोर घरात नसेल तर ते बुडू द्या, गुरुजींना आधी सांगून. समुद्र पाहिलेल्या पोराला भरती-ओहोटीचा धडा पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

भरती-ओहोटीचं मात्र मोठ्यांनीच नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे धरणाचं पाणी महिन्यात उतरतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी वेळ पुढं सरकते. त्याची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणातली जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. तिथून सहा तासांवर, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराला भरती, सव्वापाचला ओहोटी. शुद्ध-वद्य दोन्हीकडे हेच. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो, म्हणून तिथल्या कोळीबांधवांना विचारून खात्री करायचीच. पण घरून निघतानाच एवढा अंदाज असला की कोणत्या दिवशी सकाळी वाळू मोकळी मिळेल आणि कोणत्या दिवशी पाणी अंगावर येईल हे कळतं.

अलिबागला तर याच हिशोबावर कुलाबा किल्ला पाहायचा असतो. किल्ला समुद्रात आहे. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढं आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला. ओहोटीला तिथं चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. भरतीला होडी लागते. आत गणपतीचं देऊळ आहे, आणि खाऱ्या पाण्याच्या मध्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, ती पोरांना जरूर दाखवा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी फिरताना दिसलं की किल्ल्यातून बाहेर पडायचं. "अजून एक फोटो" म्हणत थांबणाऱ्याला हाताला धरून आणा. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. आजोबांना इतिहासाची आवड असेल तर बाजारात जाता-येता होऊन जाते.

पाण्याबद्दल अजून थोडं, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. आपल्या गावचे पोट्टे विहिरीत सूर मारतात, अडाण धरणात या काठावरून त्या काठावर जातात, आणि त्यांना वाटतं पोहणं येतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी माणसाला ओढून नेतं, आणि ओहोटी लागलेली असताना तर पायाखालची वाळूही नेतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कॉलेजची तरणी पोरं होती. तेव्हा लहानांना घोट्यापर्यंत, मोठ्यांना गुडघ्यापर्यंत, आणि कोणी कितीही पट्टीचा पोहणारा असो, त्याच्या पुढं नाही. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झुंज देऊ नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडावं आणि मग वळावं. जीवरक्षकानं शिट्टी मारली की बाहेर यायचं. दारू प्यायलेल्याला तर वाळूवरच बसवून ठेवा, तो घरातला कर्ता असला तरी.

बायकांसाठी एक सूचना. साडीनं पाण्यात जाऊ नका. ओली साडी पायांत गुंडाळते, आणि लाट आली की उठता येत नाही. पंजाबी ड्रेस किंवा सुनेचा जुना ट्रॅकपँट घाला, तिथं आपल्याला ओळखणारं कोण आहे? मंगळसूत्र, कानातले खोलीत ठेवून जा. वाळूत पडलेला दागिना सापडत नाही. आणि खोली घेतानाच विचारा की समुद्रावरून आल्यावर बाहेर अंग धुवायला गोड्या पाण्याचा नळ आहे का, आणि किनाऱ्याजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का. पुरुषांना हा प्रश्न सुचत नाही, आणि दिवसभर पाणी न पिता बसायची वेळ आया-बहिणींवर येते.

खेळांचं. आधी भाव ठरवायचा, मग बसायचं. माणशी की फेरीला, किती मिनिटं, फोटोचे वेगळे का, हे सगळं आधी. महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आहे का हे विचारायला लाजू नका. बनाना बोट खोल पाण्यात मुद्दाम उलटवतात, त्यातच मजा असते म्हणे. तुम्हाला ती मजा नको असेल तर बसायच्या आधी स्पष्ट सांगा. जॅकेट लहान पोराला मोठ्या मापाचं घालून चालत नाही, पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं. लहान मापाचं नसेल तर पोराला बसवायचं नाही, हट्ट केला तरी नाही. वाळूवरच्या बाइकवर बापानं पोराला पुढं बसवून वेग घ्यायचा नाही, तिथं दुसऱ्यांची पोरं किल्ले करत बसलेली असतात. आणि स्वतःची गाडी वाळूत घालू नका. चाकं रुततात, भरती चढते, मग ट्रॅक्टरवाला म्हणेल तो भाव. चार पोरांना एकेक खेळ वाटून द्या, सगळ्यांना सगळे नकोत. खरं तर सगळ्यांत जास्त वेळ पोरं रमतात ती वाळूत खड्डा खणण्यात, आणि त्याचा एक रुपया लागत नाही. घरून एक घमेलं आणि जुना तांब्या घेऊन जा.

खाण्याची चिंता आपल्याकडच्या लोकांना उगाच फार असते. कोकणात भात दोन्ही वेळ. पोळी सांगितल्याशिवाय मिळेलच असं नाही. सकाळीच खानावळीत सांगून ठेवा: इतक्या पोळ्या, इतक्या भाकऱ्या. भाकरी तांदळाची मिळेल, ज्वारीची क्वचित. भाजीत ओलं खोबरं असतं, आपल्या तर्रीची सवय असलेल्याला ते गोडसर लागतं, म्हणून ठेच्याची बाटली बरोबर असलेली बरी. माळकरी घरांनी घाबरायचं कारण नाही, शाकाहारी घरगुती जेवण किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत मिळतं. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. मासे खाणाऱ्यांपैकी अडाणचा रोहू-कटला खाल्लेल्यांना काट्याची सवय आहे, पण पोरांना सुरुवात सुरमई किंवा पापलेटनं करून द्या, बांगडा नको. थाळीचा भाव वेगळा आणि "तुकड्याचा" भाव वेगळा असतो. पापलेटचा भाव आकारावर असतो, ताटात आल्यावर विचारू नका. सोलकढी सगळ्यांना द्या. येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणा, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. फेब्रुवारीच्या सुमारास नवा कांदा येऊ लागतो. सुकट आणायची तर डबा घट्ट बंद करा, नाही तर रेल्वेचा सगळा डबा तुमच्या नावानं बोटं मोडेल.

ज्या घरात मोठी माणसं जास्त आणि पोरं कमी, आणि समुद्राबरोबर देवही हवा, त्यांना मी अलिबाग सांगणार नाही. त्यांनी गणपतीपुळे धरावं. देऊळ किनाऱ्यालाच लागून आहे, प्रदक्षिणा मागच्या डोंगराला घालायची असते, साधारण एक किलोमीटरची. राहण्या-जेवण्याच्या सोयी देवळापासून चालत जाण्याच्या अंतरात आहेत. किनाऱ्यावर उंट, घोडागाडी, खाण्याच्या टपऱ्या आहेत. फक्त तिथलं पाणी फसवं आहे, किनारा पटकन खोल होतो आणि ओढ आहे. तो समुद्र पाहायचा, त्यात डुंबायचं नाही. जवळ मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, मास्तर मंडळींनी चुकवू नये. जायला गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस मूर्तिजापूर-अकोल्यावरून जाते. प्रवास लांबचा आहे, पण कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन, एक रात्र मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी आंबा घाटातून रत्नागिरीकडे, असं दोन टप्प्यांत केलं की म्हातारी माणसं थकत नाहीत. नागपूर-मडगाव अशी विशेष गाडी अकोल्यावरून रत्नागिरीला जाते, पण ती विशेष गाडी असल्यानं त्या तारखांना चालू आहे का ते आधी बघा.

बाकीच्या गावांबद्दल थोडक्यात. तारकर्ली-मालवण सुंदर, सिंधुदुर्ग किल्ला आहे, जेवण तर काय विचारता. पण लांब आहे, ती दुसऱ्या खेपेला ठेवा. दिवेआगर आणि गुहागर शांत आहेत, नवरा-बायको आणि एखादं लहान पोर असेल तर उत्तम, पण खेळ हवे असलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. हरिहरेश्वरला गेलात तर प्रदक्षिणेच्या खडकाळ वाटेवर भरतीच्या वेळी पाऊल टाकू नका, तिथं लाटेनं माणसं नेलेली आहेत. गोवा मित्रांबरोबर, घर घेऊन नको. आणि ज्यांना जगन्नाथाचं दर्शन करायचंच आहे त्यांच्यासाठी पुरीच्या गाड्या अकोला-बडनेऱ्यावरून आहेत. तिथला समुद्रही मोठा आहे, उंट आहेत, खाजा आहे, मात्र अंतर कोकणाच्या जवळजवळ दुप्पट.

शेवटची गोष्ट पैशाची. मोबाइलवर चकाचक फोटो दाखवून पूर्ण पैसे आगाऊ मागणारे पुष्कळ आहेत, आणि तिथं गेल्यावर त्या नावाचं घरच नसतं. खोलीवाल्याला फोन करा, व्हिडिओ कॉलवर खोली आणि दारातून किनाऱ्याकडे जाणारी वाट दाखवायला सांगा. किनारा किती मिनिटं चालत, पोळी मिळेल का, गोड्या पाण्याचा नळ, बायकांचं स्वच्छतागृह, मे असेल तर एसी, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर, डासांची जाळी, एका खोलीत जास्तीची गादी किती रुपयांत, हे एका दमात विचारून घ्या आणि वहीत लिहा. नीट उत्तरं देणाऱ्याला थोडे पैसे आगाऊ, उरलेले तिथं पोचल्यावर. जे जाऊन आलेत त्यांनी आपल्याला पटलेल्या खानावळीचं आणि खोलीवाल्याचं नाव, लागलेला खर्च, खेळांचे खरे भाव शेजाऱ्याला सांगावेत, चावडीवर सांगावेत. दोन घरांनी मिळून जायचं ठरवलं तर तारीख ठरवण्याआधी दोन्हीकडच्या बायकांना एकत्र बसू द्या. तिकिटं त्यानंतर काढा.